भोंग्याचा रकाना

चिखलीत भोंगा लावलेल्या रिक्षा एके काळी सात होत्या. आता एकच आहे, शालिग्राम सुरडकरची. बाकीच्यांपैकी दोघे वारले, एकजण शाळेची मुलं ने-आण करतो, एकाने बसस्टँडजवळ चहाची टपरी टाकली. उरलेले दोघे कुठे गेले, ते शालिग्रामलाही सांगता येत नाही.

त्याचं वय एकोणसाठ. त्यातली एकतीस वर्षं माईक हातात धरून गेली. तंबूतला सिनेमा, पोलिओचा डोस, रक्तदान शिबिर, हरवलेलं पोर, सगळ्या पक्षांचे उमेदवार, कापडदुकानांचे सेल, मयतीची वेळ आणि अंत्ययात्रेचा रस्ता, हे सगळं त्याने त्याच आवाजात सांगितलं. आवाज जाड नाही, पण लांब जातो. सोयाबीनच्या वावरात वाकलेली बाई कंबर सरळ करून ऐकते, इतका लांब.

कामाचे त्याचे दोन नियम होते. पहिला, गावाच्या वेशीवर रिक्षा थांबवायची, पाणी प्यायचं आणि त्या गावासाठीची सुरुवात मनात जुळवायची. केळवदमध्ये केळवदचं नाव, सवण्यात सवण्याचं. मग पारावर जो दिसेल त्याला नावाने हाक. ‘गणपतदादा, बिडी विझवा आन् इकडे ध्यान द्या!’ पारावरचे हसायचे आणि हसताना ऐकायचे. सगळ्यांना सांगितलेलं कोणीच ऐकत नाही, शेजाऱ्याला सांगितलेलं मात्र सगळे ऐकतात, असं तो म्हणायचा. दुसरा नियम कागदाचा. हाका-बिका सगळं कागदाच्या आधी. एकदा गिऱ्हाइकाचा कागद वाचायला घेतला की शेवटच्या अक्षरापर्यंत तोच वाचायचा. त्यातलं काही गाळायचं नाही आणि नंतर आपलं एक अक्षर जोडायचं नाही.

यंदा घटस्थापनेच्या आदल्या दिवशी त्याच्याकडे वर्षभर काम देणारं गिऱ्हाईक एकच उरलं होतं. ते म्हणजे पूर्णाई इलेक्ट्रॉनिक्स. टीव्ही, फ्रिज, मिक्सर, मोबाईल. मालक अर्जुनराव, पंचेचाळिशीचा, बोलायला गोड आणि हिशेबाला पक्का. त्याने शालिग्रामला दुकानात बोलावलं, चहा मागवला आणि काउंटरवरच्या मुलीकडे बोट केलं.

“हे प्रतीक्षा. आपल्या रील हेच बनवते. मागच्या म्हयन्यात फ्रिजची एक टाकली, चाळीस हजार लोकायनं पाह्यली. शालिग्रामभाऊ, तुमी सांगा, तुमचा भोंगा कितीकायनं ऐकला?”

“गावं सांगतो ना. अकरा गावं.”

“गावं नाई, मानसं. मले आकडा पाह्यजे. दोनी जागी पैसा लावून राह्यलो मी, आन् कोनत्या जागी उगवून राह्यलं तेच समजत नाई.”

म्हणून अष्टमीपर्यंत आठ दिवसांची परीक्षा ठरली. काउंटरवर एक वही ठेवायची. माल घेणाऱ्या प्रत्येकाला प्रतीक्षा विचारणार, कुठून कळलं? वहीत दोन रकाने, मोबाईल आणि भोंगा. भोंग्याचा आकडा बरा निघाला तर वर्षभराचं काम शालिग्रामचं. नाही तर दसऱ्यापासून बंद.

शालिग्रामने घरी येऊन हे बायकोला सांगितलं. सत्यभामाबाई घटाची माती चाळत होती. तिने चाळणी खाली ठेवली.

“आन् बंद झालं तं?”

बंद झालं तर काय, हे दोघांनाही ठाऊक होतं. मुलगा प्रेम पुण्यात होता. त्याने एका सोसायटीत वॉचमनची जागा बोलून ठेवली होती आणि एक तारखेच्या आत सांगा म्हणून दोनदा फोन केला होता. दोन वर्षांपूर्वी सत्यभामाबाई त्या खोलीत तीन आठवडे राहून आली होती. आल्यावर ती एवढंच म्हणाली होती, की तिथे दिवसभरात आपल्याला कोणी नावाने हाक मारत नाही.

पहिले तीन दिवस शालिग्रामने जीव तोडून काम केलं. एरवी तो एका गावात दोन फेऱ्या मारायचा, आता चार मारू लागला. सोयाबीनची सोंगणी चालू होती, माणसं वावरात, म्हणून पांदणरस्त्यांनीही रिक्षा घातली. केळवद, सवणा, हातणी, शेलूद. दुकानाने दिलेला कागद त्याने त्याच्या नियमाने वाचला. कागदावर टीव्ही होता, मिक्सर होता, हप्त्यांची सोय होती आणि शेवटी एक ओळ होती : ‘आमची रील काउंटरवर दाखवा आणि कोणत्याही खरेदीवर पाचशे रुपयांची सूट मिळवा.’ ही ओळही त्याने तेवढ्याच जोमाने वाचली. किंबहुना थोडी जास्तच, कारण सूट म्हटलं की माणूस थांबतो हा एकतीस वर्षांचा अनुभव होता.

चौथ्या दिवशी सकाळी तो वही बघायला गेला. मोबाईल अडतीस, भोंगा दोन.

त्याला आधी वाटलं, वाचण्यात चूक झाली. चष्मा पुसून पुन्हा बघितलं. मग तो दुकानातच एका स्टुलावर बसून राहिला, आपण होऊन, कोणी बस म्हटलं नसताना.

तासाभराने हातणीचं एक जोडपं आलं. म्हातारा, डोक्याला रुमाल, मागे बायको. त्याला शालिग्रामने आदल्या दिवशी हातणीच्या मारुतीसमोर पाहिलं होतं. म्हातारा आल्या आल्या म्हणाला, “काल भोंग्यानं सांगतलं ते मिक्सर दाखव बाई.”

शालिग्रामची पाठ ताठ झाली.

मिक्सर पसंत पडला. पैसे द्यायच्या वेळी म्हाताऱ्याने खिशातून मोबाईल काढला आणि काउंटरवर ठेवला. “आन् ते रील का काय म्हंतात, ते याच्यात काढून दे. पाचशे कमी होतात म्हने.”

प्रतीक्षाने त्याच्याच मोबाईलवर रील काढली, दुकानाच्या पानाला फॉलो केलं, पाचशे कमी केले आणि वहीत मोबाईलच्या रकान्यात एक रेघ ओढली.

“पोरी,” शालिग्राम उठला, “हे मानूस माया आवाजानं आलं. आताच तुयासमोर बोललं ना ते.”

“हाव काका, ऐकलं मी.”

“मंग?”

“सूट रीलवर हाय. रील दाखवली की मोबाईलमधी लिहाचं, असं सरांनी सांगतलं. एका मानसाच्या दोन रेघा कश्या मारू?” ती उर्मटपणे बोलली नाही. तिला खरंच दुसरी रीत सुचत नव्हती. “काका, आन् सूट रीलवर हाय हे त्यायले सांगतलं कोनी? तुमीच ना?”

हे खरं होतं. तीन दिवस गावोगाव फिरून त्याने स्वतःच्या रकान्यातली माणसं उचलून मोबाईलच्या रकान्यात नेऊन ठेवली होती.

तो आत अर्जुनरावाकडे गेला. म्हणाला, भोंगा ऐकून येणाऱ्यालाही पाचशे द्या, मग बघा. अर्जुनराव हसला नाही, चिडलाही नाही.

“मंग रील कोन पाहीन? ऐका शालिग्रामभाऊ. रील पाह्यली, फॉलो केलं, का ते मानूस मायाजवळ राह्यलं. दिवाळीले नवा माल आला का त्याले घरबसल्या सांगता येते. कोनत्या गावाचं, काय पाह्यते, किती वेळ पाह्यते, समदं समजते मले. तुमचा भोंगा ऐकून घरी गेलेलं मानूस मायाकडे कुठं लिहेल हाय?”

“मायाकडे हाय ना.” शालिग्रामने छातीवर नाही, डोक्यावर हात ठेवला. “हातणीच्या या म्हाताऱ्याची सून जुळ्यांची बाळंतीन हाय. मिक्सर त्याच्यासाठीच नेला त्यानं.”

“ते ठीक हाय,” अर्जुनराव म्हणाला. “पन ते मले दाबून पाह्यता येत नाई ना.”

घरी सत्यभामाबाईने सोपा उपाय सांगितला. “ते शेवटची ओळ वाचूच नका.”

“कागद हाय तो.”

“कागदानं तुमालेच खाऊन टाकलं, आन् तुमी कागद धरून बसले!”

“आन् एखाद्यानं पूर्न पैसे भरले, आन् बाजूच्यानं पाचशे कमी देल्ले, तं? तो म्हनीन, शालिग्रामनं फसोलं.”

मग तिनेच दुसरा मार्ग काढला. तिची धाकटी बहीण सिंधूताई केळवदला दिलेली. दिवाळीला मिक्सर घ्यायचाच होता तिला. सत्यभामाबाईने फोन लावला. आजच जा, दोन-चार बायका सोबत ने, आणि काउंटरवर सांगा की भोंगा ऐकून आलो. एवढंच. सिंधूताई म्हणाली, त्यात काय एवढं, भाऊजीसाठी इतकंही नाही करणार का?

दुसऱ्या दिवशी दुपारी शालिग्राम वही बघून आला. मोबाईल सत्तावन्न, भोंगा तीन. त्याने रस्त्यातूनच सिंधूताईला फोन केला.

“गेल्ती ना मी, भाऊजी! चार जनी गेलतो. तीन मिक्सर आन् एक पंखा.”

“सांगतलं का, भोंगा ऐकून आलो म्हनून?”

“सांगतलं ना! पह्यलंच सांगतलं. थे पोरगी म्हने, चांगलं हाय, आन् रील हाय का? म्या म्हनलं, रील बी हाय.”

“काऊन दाखोली पन?”



“भाऊजी, पाचशे कोन सोडते? तिघीचे दीड हजार झाले ना.” मग आवाज खाली आणून म्हणाली, “त्या शांतीनं नाई दाखोली. तिच्याजवळ साधा फोन हाय.”

भोंग्याच्या रकान्यातली तिसरी रेघ शांतीची होती.

त्या दिवसापासून शालिग्रामला गावं वेगळी दिसू लागली. पारावर बसलेल्यांना तो नावाने हाक मारायचा, ते मान वर करायचे, हसायचे, ऐकायचे आणि ऐकता ऐकताच खिशातून मोबाईल काढायचे. रील सापडते का बघायला. त्याच्या डोळ्यांदेखत, त्याच्याच आवाजाने, माणूस त्याच्या हातून निसटून जायचा. सवण्यात त्याने एका ओळखीच्या माणसाला विचारलं, दुकानात गेल्यावर भोंगा म्हणशील का? तो म्हणाला, “म्हनतो ना भाऊ, पन मोबाईल म्हनलं का जरा बरं वाटते. भोंगा म्हनलं का त्या पोरी पाह्यतात, आलं खेड्यातलं.”

सहाव्या दिवशी प्रेमचा फोन आला. “बाबा, दुसरं मानूस पाहू राह्यले ते. काय सांगू?” शालिग्राम म्हणाला, “अष्टमीपर्यंत थांब.” प्रेम म्हणाला, ते आपल्या अष्टमीसाठी थांबणार नाहीत. तरी प्रेम थांबला.

सातव्या दिवशी अमडापूरचा बाजार होता. बाजाराच्या तोंडाशी शालिग्रामने रिक्षा लावली. पाणी प्यायला. घसा तीन दिवसांपासून बसत आला होता, म्हणून खडीसाखर गालात धरली होती. सुरुवात केली. अमडापूरचं नाव घेतलं, मिरच्यांच्या ढिगाआड बसलेल्या शालूबाईला हाक मारली. “शालूबाई, तराजू जरा खाली ठेवा!” ती ओरडली, “आधी तुमचा भोंगा खाली ठेवा!” बाजार हसला. त्याने कागद वाचला, शेवटच्या ओळीपर्यंत, पाचशे रुपयांच्या सुटीपर्यंत.

कागद संपला की बटण बंद करायचं, ही एकतीस वर्षांची सवय. बोट बटणावर गेलंही. पण त्याने ते दाबलं नाही.

“मंडळी,” तो म्हणाला, “आता बोलतो ते कागदावर नाई. हे माझं हाय. सूट घ्या. रील दाखवा, पाचशे रुपये सोडू नका. फक्त तिथल्या पोरीले एवढं सांगा, का आमी भोंगा ऐकून आलो. मी शालिग्राम सुरडकर. तुमच्या गावात माझा आवाज एकतीस वर्षांपासून येते. तुमची पोरं हरवली तवा मी फिरलो. तुमचे म्हातारे गेले तवा मी फिरलो. उद्याच्या दिवसात तुमी सांगतलं नाई, तं माझं काम संपते. मी हात जोडतो.”

आणि माईक काखेत धरून त्याने खरोखरच हात जोडले. त्यामुळे भोंग्यातून कुरकुर ऐकू आली. शालूबाईने तराजू खाली ठेवला होता. मग त्याला दिसलं की समोर सात-आठ मोबाईल वर धरलेले आहेत.

त्याने बटण दाबलं आणि रिक्षा वळवली. लाज वाटत होती, पण त्या लाजेखाली काहीतरी हलकंही झालं होतं. रस्त्याने येताना त्याने मनात हिशेब मांडला. एवढ्या बाजारातून वीस जरी आले तरी.

अष्टमीच्या सकाळी दुकानासमोर इतकी गर्दी होती की रिक्षा लावायला जागा नव्हती. शालिग्रामचा ऊर भरून आला. आत शिरताच कोणीतरी ओरडलं, “अरे, हेच ते काका!” दोन पोरं त्याच्या खांद्यावर हात टाकून फोटो काढू लागली.

“कोनत्या गावचे तुमी?” त्याने विचारलं.

“लोणार.”

दुसऱ्याला विचारलं. देऊळघाट. बाजूची बाई मेहकरची. या गावांना तो या आठ दिवसांत गेलाच नव्हता. लोणारला तर सात-आठ वर्षांत नाही.

“मंग आवाज कुठं ऐकला?”

“काका, तुमी तं फेमस झाले!” लोणारच्या पोराने मोबाईल त्याच्यासमोर धरला. त्यात अमडापूरचा बाजार होता आणि तो स्वतः हात जोडून उभा होता. कोणीतरी त्याचा आवाज संथ करून मागे बासरी लावली होती. त्यामुळे तो रडतोय असं वाटत होतं. तो रडला नव्हता. दुकानातल्या पोरीला काय सांगायचं, तेवढं वाक्य मात्र कापलेलं होतं. खाली दुकानाचं नाव होतं आणि लिहिलं होतं, भोंगेवाल्या काकांना मदत करा. दोन लाख साठ हजार लोकांनी ते पाहिलं होतं.

काउंटरवर प्रतीक्षा एकेकाला विचारत होती, “कुठून कळलं?”

“मोबाईलवर पाह्यलं. त्या काकांचा व्हिडिओ.”

रेघ. पुढचा. “कुठून कळलं?” “मोबाईलवर.” रेघ. अमडापूरचेही काहीजण होते. त्यांनी बाजारात उभं राहून प्रत्यक्ष ऐकलं होतं, पण तेही तोच व्हिडिओ दाखवत होते, कारण त्यात ते स्वतः दिसत होते. “हे पाहा, मी हावो हे,” एकजण म्हणत होता. शालिग्राम काउंटरच्या टोकाला उभा राहून रेघा बघत होता. दुपारपर्यंत प्रतीक्षाने मोबाईलच्या रकान्याला दुसरं पान जोडलं.

संध्याकाळी अर्जुनरावाने त्याला आत बोलावलं. मोबाईल दोनशे एकोणनव्वद, भोंगा अकरा.

“मले मान्य हाय,” अर्जुनराव म्हणाला, “आजची समदी गर्दी तुमची हाय. तुमच्याच आवाजानं आली. पन शालिग्रामभाऊ, थो आवाज भोंग्यातून नाई आला ना त्यायच्याकडे. अमडापुरात तुमी बोलले, ते कितीकायनं ऐकलं? पाचशे? हजार? बाकीचं समदं मोबाईलनं केलं.”

आठ दिवसांत पहिल्यांदा शालिग्रामला वाटलं, की या माणसाचं म्हणणं चूक नाही. तेच सगळ्यात वाईट होतं.

“तुमाले मी तसं सोडत नाई,” अर्जुनराव पुढे म्हणाला. “तुमचा आवाज चालून राह्यला सध्या. दिवाळीची जाहिरात तुमीच बोला. प्रतीक्षा रेकॉर्ड करीन. एकदा बोलले का झालं. त्याचे पैसे देतो.”

“एकदा?”

“एकदाच लागते. मंग ते वाजत राह्यते.”

“आन् गाडी?”

अर्जुनरावाने खांदे उडवले. “गाडी कायले लागते?”

शालिग्राम बाहेर आला. त्याने रस्त्यावर उभं राहून प्रेमला फोन लावला आणि एक तारखेला येतो म्हणून सांगितलं. आईला मी सांगीन, तू सांगू नको, एवढंच वर म्हणाला. मग पुन्हा आत गेला, कारण प्रतीक्षा थांबली होती.

रेकॉर्डिंग मागच्या गोदामात होतं. टीव्हीच्या खोक्यांच्या मधोमध एक स्टूल. पंख्याचा आवाज येतो म्हणून पंखा बंद केला होता. प्रतीक्षाने त्याच्या सदऱ्याला बोराएवढा माईक अडकवला आणि कागद हातात दिला. शालिग्रामने कागद एकदा मनात वाचला, पाणी प्यायला.

“बोला काका.”

तो बोलला नाही.

“काका, सुरू केलं हाय.”

“कोनत्या गावाले बोलू?”

“कोनत्याच नाई. समद्यायसाठी हाय हे. कुठंबी वाजीन.”

“समोर कोन हाय?”

प्रतीक्षाने आजूबाजूला पाहिलं. “कोनीच नाई काका. तुमी फक्त कागद वाचा.”

शालिग्राम खोक्यांकडे बघत उभा राहिला. तोंड उघडलं, मिटलं. पारावर कोणी नव्हतं, मिरच्यांच्या ढिगाआड कोणी नव्हतं, बिडी विझवायला सांगावं असं कोणी नव्हतं. मग त्याने कागद डोळ्यांसमोर धरला आणि पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वाचला, एकही न गाळता. पहिल्याच खेपेला बरोबर झालं.

प्रतीक्षाने ते लगेच मोबाईलवर ऐकून बघितलं. आवाज स्वच्छ आला होता. फक्त सुरुवातीला अकरा सेकंद काहीच नव्हतं. तेवढं तिने कापून टाकलं.